मंजुरीमागे वीस हजार: जिल्हा संसाधन व्यक्ती म्हणून माझं काम

जिल्हा संसाधन व्यक्ती म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांना सरकारी योजनेतलं बँक कर्ज आणि अनुदान मिळवायला मदत करणारा माणूस. त्याला पगार नसतो. बँकेनं एक कर्ज मंजूर केलं की त्या प्रकरणामागे २० हजार रुपये मिळतात, तेही दोन हप्त्यांत. पहिले १० हजार मंजुरीनंतर. उरलेले १० हजार त्या उद्योगाची 'उद्यम' (लहान उद्योग म्हणून सरकारी) नोंदणी, जीएसटी नोंदणी, अन्नसुरक्षेची नोंदणी, मालकाचं प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष काम सुरू होणं, हे सगळं झाल्यावर. अर्जदाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. प्रकरण नामंजूर झालं तर आपल्याला काही नाही. आमचं सगळं काम या एका नियमाभोवती फिरतं, म्हणून तो आधी सांगितला.

केंद्र सरकारनं जून २०२० मध्ये प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना आणली. तरतूद १० हजार कोटींची, उद्दिष्ट दोन लाख उद्योगांचं, खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. उद्योगाला पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान. महाराष्ट्रात ती कृषी विभाग राबवतो. पापड लाटणारी, लोणचं घालणारी, कांडप चालवणारी माणसं नुसत्या अनुदानाच्या घोषणेनं बँकेच्या दारात जात नाहीत, हे ही योजना आखणाऱ्यांना कळलं होतं. प्रकल्प अहवाल कुणीतरी लिहायला हवा, साहेबांसमोर शेजारच्या खुर्चीत कुणीतरी बसायला हवं. म्हणून जिल्ह्याजिल्ह्यात आमच्यासारख्यांच्या नेमणुका झाल्या. उद्योजकाला पैसा देताना त्याला हात देणाऱ्यासाठीही पैसा बाजूला काढावा लागतो, हे कागदावर मान्य करणाऱ्या योजना थोड्या आहेत. मला या योजनेबद्दल जिव्हाळा आहे तो त्यामुळेच.

मी अन्नतंत्रज्ञान शिकलेली. काही वर्षं मसाल्याच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत होते. लग्नानंतर मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आले आणि कृषी कार्यालयाची जाहिरात वाचून अर्ज केला. मुलाखतीत मला प्रक्रिया उद्योगाबद्दल कमी आणि बँकेच्या कागदांबद्दल जास्त विचारलं. त्याचं कारण कामाला लागल्यावर लगेच कळलं.

लोक येतात ते बहुतेक एकच प्रश्न घेऊन: 'सबसिडी किती?' त्यांना समोर बसवून पैशाचा हिशेब समजावणं हे आमचं पहिलं काम. अनुदान हातात येत नाही. ते बँकेत कर्जाशेजारी वेगळ्या खात्यात पडून राहतं. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही. तीन वर्षांनी उद्योग चालू असेल आणि कर्ज थकलेलं नसेल, तरच ते कर्जात वळतं होतं. स्वतःचे किमान १० टक्के आधी घालावे लागतात. एवढं ऐकल्यावर निम्मी माणसं उठून जातात. जी बसून राहतात त्यांच्याबरोबर काम सुरू होतं. उठून गेलेल्यांबरोबर घालवलेला वेळही मला वाया वाटत नाही. त्यातली काही माणसं अनुदान हातात मिळेल या भरवशावर खासगी कर्ज उचलणार होती, ती थांबली. या थांबवण्याचं बिल कुठंच लागत नाही, पण माझ्या लेखी ते कामच आहे.

बसून राहिलेल्यांत एक मावशी होत्या. पन्नाशीच्या आत-बाहेर, मिरची कांडपाचा जुना डंक घरालगतच्या पत्र्याच्या खोलीत. उन्हाळ्याचे तीन महिने गावातली आणि आसपासची मिरची, धणे, मसाला त्यांच्याकडे यायचा, बाकीचं वर्ष मोकळं. आमच्या भागात हळद चांगली पिकते. शेजारच्या हिंगोलीचं तर या योजनेतलं 'एक जिल्हा एक उत्पादन' म्हणजे हळदच. हळकुंडं दळून द्याल का, असं गिऱ्हाईक विचारायचं आणि मावशी नाही म्हणायच्या. डंकात हळकुंड फुटतं, पण हवी तशी बारीक पूड पडत नाही, वेळ भरपूर जातो आणि यंत्र तापलं की हळदीचा वास उडतो. त्यांना पल्वरायझर, म्हणजे बारीक पूड करणारं यंत्र, हवं होतं, धूळ पकडणाऱ्या सायक्लोनसकट, आणि मिरची-हळदीला वेगवेगळ्या जाळ्या. हे त्यांनी मला पहिल्या भेटीतच सांगितलं, यंत्रांची नावं न घेता, हातानं दाखवत. हळकुंड आधी फोडून घ्यायचं, मग दळायचं, मिरचीनंतर हळद घ्यायची तर मधे थोडी ज्वारी फिरवून यंत्र साफ करायचं, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. धंद्याच्या बाबतीत त्यांना शिकवण्यासारखं माझ्याकडे फारसं नव्हतं. कमी होते ते कागद.

आणि कागद खरोखरच कमी होते. खोली सासऱ्यांच्या नावावर, त्यामुळे ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा, म्हणजे घराच्या मालकीची नोंद, सासऱ्यांच्याच नावाचा. वारसांची संमती घेतली आणि भाडेकरार केला. विजेचं मीटर घरगुती होतं. यंत्राला थ्री फेज लागणार, म्हणून महावितरणकडे नवा अर्ज. उद्यम नोंदणी आधारवर लगेच झाली. अन्नसुरक्षेची नोंदणीही सोपी, वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आत असल्यानं वर्षाला १०० रुपये शुल्क. यंत्राचं कोटेशन आणायला गेलो तेव्हा एका विक्रेत्यानं सरळ विचारलं, 'बिल केवढ्याचं बनवू?' रक्कम फुगवून दाखवायची आणि अर्जदाराचा १० टक्क्यांचा हिस्सा त्यातच जिरवायचा, असा हा खेळ. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर आल्यावर त्यांना सांगितलं, की फुगवलेल्या बिलाचं कर्ज तुमच्याच नावावर बसणार आणि त्याचे हप्ते तुम्हीच फेडणार. आम्ही दुसरीकडून कोटेशन घेतलं.

यंत्र, मोटार आणि जोडणी मिळून तीन लाख, खोलीची दुरुस्ती आणि ओटा एक लाख, असा चार लाखांचा प्रकल्प उभा राहिला. बांधकाम ३० टक्क्यांच्या वर जाऊ नये हे पाहावं लागतं, इथं ते २५ होतं. स्वतःचे ४० हजार, कर्ज ३ लाख ६० हजार, अनुदान १ लाख ४० हजार. मावशींच्या बचत गटात त्यांचे पैसे होते, हिस्सा तिथून उभा राहिला. अहवालात मी पहिल्या वर्षी यंत्र निम्म्या क्षमतेनंच चालेल असं धरलं. कागदावर शंभर टक्के क्षमता दाखवली की नफा छान दिसतो, पण हप्ता ठरतो तोही त्या नफ्यावरच. ज्या बाईला जून ते जानेवारी गिऱ्हाईक कमी, तिला तसा हप्ता पेलणार नाही.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं शिफारस केली आणि अर्ज बँकेकडे गेला. इथवरचं काम वेळखाऊ असलं तरी आपल्या हातातलं असतं. बँकेतलं तसं नसतं. शाखाधिकाऱ्यांनी सिबिल, म्हणजे जुन्या कर्जफेडीची नोंद, काढलं तर मावशींच्या नावावर एक जुनं गटकर्ज उघडं दिसत होतं. मावशी ठाम होत्या: 'म्या समदं फेडलंय, म्याडम. शेवटचा हप्ता म्या सोताच्या हातानं भरलाय.' फेडलं होतंच. कर्ज देणाऱ्या कंपनीनं खातं बंद झाल्याची नोंद वर कळवली नव्हती, एवढंच. बेबाकी दाखल्यासाठी, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याच्या दाखल्यासाठी, त्या कंपनीच्या माणसामागे लागावं लागलं. दाखला मिळाल्यावर पतमाहिती कंपनीकडे दुरुस्तीचा अर्ज केला. अशी तक्रार ३० दिवसांत निकाली काढावी, असा नियम आहे. मावशींसारख्या अनेकींची प्रकरणं याच ठिकाणी मरतात, कारण हा नियम आहे आणि तो वापरायचा असतो, हे त्यांना कुणी सांगत नाही.

सिबिल नीट झालं तोवर शाखाधिकाऱ्यांची बदली झाली. नवीन साहेबांनी तारण मागितलं. लहान उद्योगांना १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण घेऊ नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना होती आणि तारणाऐवजी बँकेला कर्जाची हमी देणाऱ्या, सूक्ष्म-लघु उद्योगांच्या पतहमी निधीची सोयही होती. मी हे वाद घालण्याच्या सुरात मांडलं नाही. परिपत्रकाची प्रत फाइलला लावली आणि म्हणाले, 'सर, एकदा येऊन खोली बघा, आत्ता सीझन आहे.' ते आले. आले तेव्हा बाहेर मिरचीची पोती लागली होती, बायका ओळीनं बसल्या होत्या, प्रत्येकीच्या पोत्यावर खडूनं नाव. साहेब शिंकत शिंकत आत गेले, वही पाहिली. मावशींनी गेल्या वर्षीच्या वहीत तारीख, नाव, किलो आणि पैसे असं लिहून ठेवलं होतं, उधारी लाल पेननं. त्या वहीनं जे केलं ते माझ्या प्रकल्प अहवालाला जमलं नव्हतं. कर्ज मंजूर झालं.

आता या प्रकरणाचा माझ्या बाजूनं हिशेब मांडते. माझ्या गावापासून मावशींचं गाव, तिथून तालुका, महावितरणचं कार्यालय, बँक, जिल्ह्याचं ठिकाण. गाडीचं पेट्रोल माझं, झेरॉक्स माझी, फोन माझा. मंजुरीनंतर बिल सादर केलं, ते तपासणीतून फिरून यथावकाश आलं. त्याच काळात जिल्ह्यातल्या एका डाळमिलवाल्याचं प्रकरण मी केलं. तीन वर्षांचं आयकर विवरण तयार, जागा स्वतःच्या नावावर, चार्टर्ड अकाउंटंट पदरी, शाखाधिकारी ओळखीचे. माझ्याकडून अर्ज भरणं आणि अहवाल नमुन्यात बसवणं एवढंच लागलं. त्याचेही २० हजारच.

योजनेचा हेतू मावशींसाठी आहे आणि मोबदल्याची रचना डाळमिलवाल्याकडे ओढते. डाळमिलवाल्यानं काही गैर केलं नाही. त्याचं कर्ज योग्य होतं, चार माणसांना त्यानं काम दिलं. माझ्याकडे तशी प्रकरणं आली म्हणून तर मावशींच्या मागे फिरणं मला परवडलं. पण एखाद्या मागास तालुक्यात सोपी प्रकरणं मुळातच नसतील, तर तिथला संसाधन व्यक्ती काय करणार? तो काही महिन्यांनी काम सोडतो. माझ्याबरोबर प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी काहींनी सोडलं, आणि ज्यांनी सोडलं ते कामात कच्चे नव्हते.

अशी रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही. तिथं दलाल येतो. तो अर्जदाराकडून टक्केवारी घेतो, फुगवलेलं कोटेशन त्याच्याकडे तयार असतं आणि कर्ज मिळाल्यावर त्याचा फोन लागत नाही.  मदत करणाऱ्याला सरकारनं नीट पैसे दिले नाहीत म्हणून खर्च वाचला असं होत नाही, तो खर्च मावशींसारखीच्या खिशातून दलालाच्या खिशात जातो.

दुसऱ्या हप्त्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. अनेक सहकाऱ्यांना ती अट जाचक वाटते. मला ती योग्य वाटते. मंजुरीवर सगळे पैसे दिले असते, तर मंजुरीनंतर कुणी गावात फिरकलं नसतं. मावशींच्या बाबतीत खरा गुंता मंजुरीनंतरच आला. थ्री फेजची जोडणी यायच्या आधी यंत्र येऊन पडलं आणि हप्ता मात्र सुरू व्हायच्या बेतात. बँकेला पत्र देऊन हप्ता सुरू होण्याची मुदत वाढवून घेतली. प्रशिक्षणात त्यांना पॅकिंगवरची माहिती काय असावी ते शिकवलं, बॅच क्रमांक, तारीख, नोंदणी क्रमांक. दळून देण्याच्या जोडीला त्या स्वतःची हळद पाकिटात घालून विकू लागल्या. हे सगळं त्या दुसऱ्या १० हजारांमुळे माझ्या कामात मोडलं.

अडचण त्यानंतरची आहे. अनुदान वळतं होतं तीन वर्षांनी. आमचा मोबदला संपतो यंत्र सुरू झालं की. मधल्या काळात बेअरिंग जातं, पाऊस लांबतो, हळदीचा भाव वर जातो आणि कच्चा माल घ्यायला खेळतं भांडवल पुरत नाही, एखादा हप्ता चुकतो. खातं थकीत झालं तर १ लाख ४० हजार हातचे जातात. म्हणजे सरकारनं बाजूला काढून ठेवलेला पैसा त्या बाईला मिळणार की नाही, हे ज्या तीन वर्षांत ठरतं त्या तीन वर्षांत तिच्यासाठी पगारावर किंवा मोबदल्यावर कुणीही नाही. योजना आधी २०२४-२५ पर्यंत होती, मग २०२५-२६ पर्यंत वाढवली. शेवटच्या वर्षांत कर्ज घेतलेल्यांची तीन वर्षं तर योजनेची मुदत उलटून गेल्यावर पुरी होणार.

या कामात फिरताना इतर संस्थांशी गाठ पडत गेली आणि दिसलं, की ही गोष्ट एकट्या आमची नाही. जिल्हा उद्योग केंद्रं १९७८ मध्ये केंद्राच्या योजनेतून सुरू झाली. लघुउद्योजकाला सगळ्या परवानग्या आणि सल्ला एका छताखाली मिळावा ही कल्पना. १९९३-९४ पासून केंद्रानं त्यांचा भार राज्यांवर सोडला. आज तिथं प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, २०१९ पासून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही आहे, त्यामुळे टेबलावर अर्जांचे गठ्ठे असतात. गावात जाऊन खोली बघायला माणूस काढायचा म्हटलं तर तिथल्या अधिकाऱ्यांचीही ओढाताण होते. मला तिथं नेहमी चांगली वागणूक मिळाली, हेही सांगायला हवं.

महिला आर्थिक विकास महामंडळाची, म्हणजे माविमची, लोकसंचालित साधन केंद्रं मला जास्त शिकवून गेली. हे महामंडळ १९७५ चं. आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या मदतीनं २००७ ते २०१८ तेजस्विनी कार्यक्रम चालला, त्यात बचत गटांनी मिळून चालवायची ही केंद्रं उभी राहिली. प्रकल्पाचा पैसा हळूहळू कमी होत जाणार आणि केंद्रानं गटांकडून सेवाशुल्क घेऊन आपल्या पायावर उभं राहायचं, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. आमच्या भागातल्या केंद्राच्या व्यवस्थापक ताई मला म्हणाल्या, 'गट शुल्क देतात, कारण आम्ही दर महिन्याला दिसतो. दोन महिने दिसलो नाही तर तिसऱ्या महिन्यात कोण देईल?' ज्या गावांत गट सधन तिथं केंद्राचं गाडं चालतं. ज्या पाड्यावर गट नवे आणि बायका मजुरीवर, तिथं शुल्कातून सहयोगिनीचं, म्हणजे गटांना भेटणाऱ्या कार्यकर्तीचं, मानधन निघत नाही. स्वावलंबनाची ही कल्पना मला मान्य आहे, मात्र प्रत्येक गावाला एकाच मुदतीत स्वावलंबी व्हायला लावणं मान्य नाही.

बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांकडे एक गोष्ट घेण्यासारखी आहे. कर्नाटकातल्या उजिरे इथं १९८२ मध्ये सुरू झालेल्या संस्थेवरून हा नमुना देशभर गेला. मोफत निवासी प्रशिक्षण तर देतातच, पण प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं पाठपुरावा करणं हा कामाचाच भाग धरलेला आहे. माझ्या ओळखीचे तिथले एक प्रशिक्षक वहीत प्रशिक्षणार्थींची नावं ठेवून फोन करतात, गावांत जातात, आणि ते त्यांच्या कामाच्या वेळात करतात.

हे सगळं मी आमच्या जिल्ह्यातल्या आढावा बैठकीत मांडलं. तीन गोष्टी लेखी दिल्या. एक, प्रवासाचं आणि किमान मानधनाचं काहीतरी महिन्याला ठरलेलं असावं, मंजुरीवरची रक्कम त्यावर. दोन, अर्जदार पहिल्यांदाच कर्ज घेणारा असेल, विशेषतः बाई असेल, तर त्या प्रकरणाला जास्त मोबदला. तीन, अनुदान वळतं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी एका भेटीचे पैसे, आणि खातं तीन वर्षं नियमित राहिलं तर शेवटचा हप्ता. उत्तर मिळालं की केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तरतूद नाही, जिल्हा पातळीवर काही करता येत नाही, पण सूचना वर पाठवू. अग्रणी बँकेचे, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या बँकेचे, व्यवस्थापक बैठकीनंतर थांबले आणि म्हणाले, तिसरी सूचना आमच्याकडूनही जाऊ दे, कारण थकीत खातं आम्हालाही नकोच आहे. त्यांच्या पत्राची प्रत माझ्याकडे आहे. बँकेचा आणि आमचा मुद्दा एक झाला, याचं मला समाधान वाटलं.

मावशींचं तिसरं वर्ष आता चालू आहे. हळदीच्या हंगामात मी जाते, पासबुक बघते, हप्त्यांच्या तारखा वहीत लिहून देते. गेल्या वेळी त्यांनी पाव किलोची पाकिटं पुढे केली आणि विचारलं, तालुक्याच्या किराणा दुकानदाराला माल उधारीवर द्यावा का. आम्ही दोघींनी बसून हिशेब केला: पंधरा दिवसांची उधारी पेलते, महिन्याची नाही. दुकानदाराला तसं सांगायला त्या दुसऱ्या दिवशी स्वतः गेल्या. त्यानं वीस दिवस मागितले, मावशी पंधरावर अडून राहिल्या आणि पहिला माल दिला.